शेतात सात रात्री बसवलेल्या मेंढ्यांचा हिशेब

पारोळा तालुक्यातील आमच्या एक एकराच्या तुकड्यापैकी अर्ध्या एकरात गेली दोन वर्षे आम्ही जानेवारी महिन्यात खतासाठी रात्री मेंढ्या बसवतो आहोत. साक्री भागातून उतरणारा ठेलारी मेंढपाळांचा एक वाडा (कुटुंबे आणि त्यांचा कळप) दिवाळीनंतर आमच्या शिवारात येतो. दिवसा कळप रानात चरतो आणि रात्री ज्याच्याशी ठरले असेल त्याच्या शेतात वाघर (जाळीचे कुंपण) लावून बसतो. मोबदल्यात रोख रक्कम आणि धान्य द्यायचे असते. गावात यावर दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींच्या मते लेंडीखतासारखे दुसरे खत नाही, तर काहींच्या मते युरियाच्या जमान्यात हा खर्च वाया जातो. मी दोन्ही वर्षे तोलून, मोजून आणि लिहून ठेवले असल्यामुळे हा अभिप्राय देत आहे. ज्याच्या शेतात कपाशी वेचून झाली आहे आणि ज्याला सकाळी सहा वाजता वखर जुंपणे शक्य आहे, त्याने ही सेवा अवश्य घ्यावी. ज्याला ते शक्य नाही त्याचे निम्मे पैसे वाऱ्यावर जातात, आणि हे मी शब्दशः म्हणतो आहे.

पहिल्यांदा व्यवहार सांगतो. आमच्या वाड्यात सुमारे ३०० दख्खनी मेंढ्या आहेत. मेंढीमागे एका रात्रीचे २ रुपये ठरले, म्हणजे रात्रीचे ६०० आणि सात रात्रींचे ४,२०० रुपये झाले. वरून २० किलो दादर ज्वारी दिली. पाण्याची सोय शेतकऱ्याने करायची असते. वाघरीच्या आत मेंढ्या दाटीने बसतात, साधारण एका मेंढीला एक चौरस मीटर जागा मिळते, म्हणजे एका रात्रीत तीन गुंठे होतात आणि सात रात्रींत अर्धा एकर भरतो. जागा रोज सकाळी बदलली जाते. खुंट्या उपटणे, जाळी गुंडाळणे आणि पुढच्या पट्टीत पुन्हा ताणणे हे काम वाड्यातील दोन माणसे अर्ध्या तासात करतात. या कामात दोन्ही वर्षांत त्यांनी एकदाही कुचराई केली नाही आणि ठरलेल्या सात रात्रींची सहावर बोळवणही केली नाही.

बोलणी करायला मेंढपाळ आला तेव्हा त्याने दर विचारण्याआधी एकच गोष्ट विचारली, ‘फवारा कव्हय मारेल शे?’ शेवटची फवारणी कधी केली, कोणत्या औषधाची केली, हे कळल्याशिवाय त्याने कळप आत घातला नाही. कपाशीच्या फवारलेल्या पानांनी मेंढ्या दगावल्याचे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. आपण खत विकत घेतो तेव्हा दुकानदार आपल्या शेताबद्दल असा एकही प्रश्न विचारत नाही, म्हणून मला हा माणूस त्याच वेळी भरवशाचा वाटला. शेतकऱ्यांनीही या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता या सेवेत आपण नेमके काय विकत घेतो ते पाहू, कारण ते समजल्याशिवाय दर महाग की स्वस्त हे ठरत नाही. मेंढी दिवसभर डोंगरउतारावर, नाल्याच्या काठाने, पडीत आणि बांधांवर चरते. त्या गवताने सूर्यप्रकाशातील जेमतेम एखादा टक्का ऊर्जा पकडून ठेवलेली असते. मेंढीने ते खाल्ले की पचलेल्या भागातील बहुतेक ऊर्जा तिचे शरीर ऊबदार ठेवण्यात, चालण्यात आणि रवंथ करण्यात खर्च होते. कोठ्यातील सूक्ष्मजीव सेल्युलोज फोडतात तेव्हा सुमारे ६ टक्के ऊर्जा मिथेन वायूच्या रूपाने ढेकरेतून निघून जाते. आणि लोकर, मांस, दूध, कोकरू यांच्या वाट्याला अगदी थोडी येते. रेमंड लिंडेमन या अमेरिकन संशोधकाने मिनेसोटातील एका लहान तळ्याचा अभ्यास करून अन्नसाखळीतील ऊर्जेचा असा हिशेब मांडला आणि १९४२ साली तो लेख छापून आला तेव्हा लिंडेमन हयात नव्हता. वयाची सत्ताविशीही त्याने गाठली नव्हती. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहावा हिस्सा पोचतो हा शाळेत शिकवला जाणारा ढोबळ नियम त्याच कामातून पुढे आला. मेंढीसारख्या उष्ण रक्ताच्या प्राण्यात तर हा हिस्सा त्याहूनही कमी असतो.

हे सगळे वाचून मला माहीत होते, पण ते अंगाला जाणवले जानेवारीतल्या एका पहाटे. थंडी इतकी होती की विहिरीवरच्या पाइपाला हात लावणे नको वाटत होते. मी वाघरीजवळ गेलो आणि जाळीपासून हातभर अंतरावर उभा राहिलो, तर चुलीसमोर बसल्यासारखी ऊब चेहऱ्यावर आली. तीनशे जनावरांच्या अंगांतून निघणारी ती ऊब म्हणजे आदल्या दिवशी डोंगरावर खाल्लेले गवत होते. ती ऊर्जा आकाशात जात होती आणि तेथून ती माझ्या काय, कोणाच्याही शेतात परत येणार नव्हती.

अन्नद्रव्यांचे मात्र तसे होत नाही. मेंढीच्या पोटात गेलेल्या नत्रापैकी (नायट्रोजनपैकी) तीन-चतुर्थांशाहून अधिक नत्र मलमूत्रातून बाहेर पडते. स्फुरद (फॉस्फरस) मुख्यतः लेंडीतून येते, पालाश (पोटॅश) मुख्यतः मूत्रातून. म्हणजे दिवसभराच्या चरण्यातून ऊर्जेचा मोठा भाग वाटेतच संपतो, पण नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त हे सारे बहुतांशी जसेच्या तसे बाहेर पडते आणि त्यातला रात्रीचा वाटा माझ्या तीन गुंठ्यांत उतरतो. कित्येक एकर रानात विखुरलेले, गोळा करायला माणसाला कधीच न परवडणारे असे हे कण मेंढीने आपल्या ऊर्जेच्या खर्चाने वेचून आणलेले असतात. २ रुपयांत आपण ही वेचणी आणि वाहतूक विकत घेतो.

किती उतरते हे पाहण्यासाठी मी दुसऱ्या वर्षी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या) चार काड्या जोडून एक मीटर लांब-रुंद चौकट केली. वाघर उठल्यावर ती पाच ठिकाणी ठेवून आतल्या लेंड्या हाताने वेचल्या, सुपात पाखडून माती काढली आणि घरच्या काट्यावर तोलल्या. सरासरी ४१० ग्रॅम भरल्या. आठ दिवस सावलीत वाळवल्यावर त्याच लेंड्या १६० ग्रॅम राहिल्या. या मापाने सात रात्रींत अर्ध्या एकरावर साडेआठशे किलोंच्या आसपास ओल्या, म्हणजे साडेतीनशे किलोंच्या आत कोरड्या लेंड्या पडल्या. कृषीच्या पाठ्यपुस्तकांत शेळ्या-मेंढ्यांच्या खतात सुमारे ३ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद आणि २ टक्के पालाश धरतात, तर शेणखतात हेच प्रमाण ०.५, ०.२ आणि ०.५ टक्के असते. त्या हिशेबाने लेंड्यांतून मला सुमारे १० किलो नत्र, साडेतीन किलो स्फुरद आणि पावणेसात किलो पालाश मिळाले. मूत्र तोलण्याची सोय माझ्याजवळ नव्हती, त्यामुळे ते यात धरलेले नाही.

युरियाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा येथे प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत सुमारे पावणेएकवीस किलो नत्र असते आणि ती गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. नुसते नत्रच मोजायचे असेल तर लेंड्यांतून आलेले नत्र अर्ध्या गोणीएवढे आहे आणि त्यासाठी ४,२०० रुपये देणे हा शुद्ध तोटा आहे. पण युरियाच्या गोणीत जमिनीतल्या जिवांना खायला काही नसते. लेंडीत मेंढीला न पचलेला तंतुमय भाग असतो, म्हणजेच गवताने पकडलेल्या ऊर्जेचा उरलेला वाटा असतो, आणि त्यावर शेणकिडे, वाळवी, बुरशी आणि जिवाणू यांची स्वतंत्र अन्नसाखळी चालते. जून महिन्यात पहिल्या दोन पावसांनंतर मी वखरलेल्या मातीतून एक लेंडी उकरून काढली आणि नखाने फोडली, तर आत कापसाच्या धाग्यासारखी पांढरी बुरशी पसरलेली होती आणि एका बाजूने कोणा किड्याने बोगदा पाडला होता. हे जीव लेंडीतला कर्ब (कार्बन) खातात, त्यातली ऊर्जा पुन्हा उष्णतेच्या रूपाने उडवतात आणि आपल्या गरजेपेक्षा जास्त असलेले नत्र अमोनियम व नायट्रेटच्या रूपात मातीत सोडतात. तेव्हा कुठे ते पिकाच्या मुळाला मिळते. म्हणून हे खत हळू लागू होते आणि सारे पहिल्याच हंगामात हाती येत नाही. खरी तुलना शेणखताशी करायला हवी. आमच्याकडे शेणखताची ट्रॉली चार-साडेचार हजारांना पडते, पसरण्याची मजुरी वेगळी द्यावी लागते आणि त्यात माती किती आली हे ट्रॉली उलटी झाल्यावरच कळते. त्या तुलनेत मेंढ्या स्वतः चालत येतात आणि खत स्वतः पसरवतात, म्हणून मला हा सौदा बरोबरीचा, किंबहुना थोडा उजवा वाटतो.

पहिल्या वर्षी माझी चूक झाली. मेंढ्या उठल्या, पण ज्यांच्याकडे ट्रॅक्टर सांगितला होता त्यांनी आज-उद्या करत तीन आठवडे लावले आणि मीही बैलांचा वखर मागायला गेलो नाही. त्या दिवसांत शेतात पाऊल टाकले की, विशेषतः ऊन वर आल्यावर, डोळ्यांना झोंबणारा वास येत असे. तो वास अमोनियाचा होता. मूत्रातील युरियाचे मातीतल्या विकरामुळे काही तासांपासून काही दिवसांत अमोनियात रूपांतर होते. आमची काळी जमीन चुनखडीयुक्त आणि विम्ल (अल्कधर्मी) आहे, वर ऊन आणि वारा, त्यामुळे उघड्यावर राहिलेला अमोनिया वायू होऊन उडून जातो. ज्या नत्राचे पैसे मी मोजले होते ते माझ्या नाकासमोरून जात होते आणि मी त्याला ‘खताचा वास’ म्हणून समाधान मानत होतो. दुसऱ्या वर्षी वाघर उठताच त्याच सकाळी वखराची एक पाळी घातली, दोन-तीन बोटे माती वर आली, आणि दुसऱ्या दिवशी त्या पट्टीत वास जवळजवळ नव्हता. या सेवेबद्दल ज्यांची तक्रार आहे त्यांनी आपण वखर कधी फिरवला हे आधी आठवून पाहावे.

कपाशीच्या शेतात मेंढ्या बसवण्याचा आणखी एक लाभ आहे, ज्याची किंमत मी वरच्या हिशेबात धरलेली नाही. शेवटच्या वेचणीनंतर झाडावर हिरवी पाने, पात्या आणि न उमललेली किडकी बोंडे राहतात. त्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते, आणि फरदड (वेचणीनंतरही पुढच्या बोंडांसाठी राखलेली कपाशी) ठेवली तर तिची आयतीच सोय होते. म्हणूनच वेचणी संपल्यावर शेतात शेळ्या-मेंढ्या चारण्याची शिफारस कृषी शास्त्रज्ञही करतात. आमच्या मेंढ्यांनी दोन दिवसांत झाडे खराट्यासारखी करून ठेवली. राहिलेली पऱ्हाटी पूर्वी आम्ही बांधावर रचून पेटवत असू; तशी पेटवली की कर्ब आणि नत्र धुरातून जातात, राखेत स्फुरद-पालाश तेवढे उरतात. आता पानांचा भाग मेंढीच्या पोटातून मातीत जातो आणि काड्या आम्ही यंत्राने बारीक करून घेतो. त्या काड्यांत नत्राच्या मानाने कर्ब फार जास्त असतो, त्यामुळे त्या कुजताना जिवाणू मातीतलेच नत्र काही काळ अडकवून ठेवतात. लेंडीच्या सोबतीने त्या गाडल्या तर ही ओढ कमी होते.

या निमित्ताने शेतातून काय बाहेर जाते याचाही मी विचार करू लागलो. रुई म्हणजे बहुतांशी सेल्युलोज, म्हणजे हवा, पाणी आणि ऊन; ती विकल्याने जमिनीचे फारसे काही जात नाही. सरकीत मात्र नत्र आणि स्फुरद भरलेले असते. ती जिनिंगमधून तेलगिरणीत जाते, तिची पेंड होते आणि ती पेंड ज्याच्या गोठ्यात जाते त्याच्या उकिरड्यावर माझ्या शेताचे नत्र साठते. रावेर-यावलकडचा केळी उत्पादक घडांबरोबर दर वर्षी मोठ्या प्रमाणात पालाश उत्तरेकडच्या बाजारात पाठवतो. आपण सारे भाव मालाचा घेतो आणि अन्नद्रव्ये फुकट देतो. ही भरपाई कोठून तरी करावीच लागते.

आता उणिवा सांगतो. पहिली म्हणजे खत सारखे पडत नाही. थंडीच्या रात्री मेंढ्या वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला, बांधाच्या आडोशाला गोळा होतात. आमच्या पूर्वेच्या बांधालगतच्या पट्टीत चौकटीत ६०० ग्रॅमहून अधिक लेंड्या भरल्या आणि मोकळ्या बाजूला जेमतेम पावशेर. पहिल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्या पट्टीतली कपाशी काळीभोर आणि उंच झाली, पण मावा ही कीडही सर्वांत आधी तिच्यावरच पडला. दुसरी उणीव बाभळीची. मेंढ्या बाभळीच्या शेंगा आवडीने खातात, बी पोटातून सुखरूप बाहेर येते आणि पाऊस पडला की शेतात बाभळीची रोपे उभी राहतात. मी एका पावसाळ्यात अर्ध्या एकरातून ४३ रोपे उपटली. लहान असताना ती सहज निघतात, पण दोन महिने दुर्लक्ष केले तर विळ्याला काम लागते. तिसरे असे की, ओल असताना मेंढ्या बसवू नयेत, कारण काळी माती खुरांखाली चेपते. अवकाळी पाऊस आला तेव्हा मेंढपाळाने स्वतःहूनच दोन दिवस वाघर पडीत जमिनीवर नेली आणि त्या रात्रींचे पैसे घेतले नाहीत, हे मुद्दाम नोंदवतो.

उत्पन्नाबद्दल मोठे दावे करण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. पहिल्या वर्षी, वखर उशिरा फिरल्यामुळे असेल, मेंढ्या बसवलेल्या आणि न बसवलेल्या अर्ध्या एकरांतील कपाशीत, ती बांधालगतची पट्टी वगळता, नजरेला फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षी तेथे बाजरी होती. मेंढ्यांच्या भागात मी वरखत (उभ्या पिकाला द्यायचे खत) निम्मेच दिले आणि तरी त्या भागात ४ क्विंटल ६० किलो बाजरी झाली. पूर्ण खत दिलेल्या दुसऱ्या भागात ४ क्विंटल १० किलो. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब आधी ०.३८ टक्के होता आणि दोन वर्षांनी ०.४० आला. एवढा फरक नमुना घेण्यातही पडू शकतो, म्हणून मी त्याला सुधारणा म्हणत नाही. जमिनीतला कर्ब वाढायला वर्षे लागतात, कारण खाणारे जीव त्याचा मोठा भाग श्वासावाटे परत हवेत सोडतात.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. माझ्या शेतात जे येते ते डोंगरउतारावरून आणि गायरानातून जाते. तेथे बेसाल्ट खडक झिजून स्फुरद, पालाश, चुना मिळत राहतो आणि रानटी शेंगवर्गीय झुडपे व मातीतले जिवाणू हवेतले नत्र बांधतात. पण हे सारे फार संथ चालते, आणि गायराने मात्र झपाट्याने अतिक्रमणाखाली व कुंपणाखाली जात आहेत. तेवढाच कळप कमी होत चाललेल्या रानावर चरला तर ते रान उघडे पडेल आणि माझ्या वाघरीत येणाऱ्या लेंडीतही काही उरणार नाही. गावातले गायरान राखण्याचा विषय ग्रामसभेत निघतो तेव्हा बागायतदार मंडळी तो मेंढपाळांचा प्रश्न समजून उठून जातात, याचे मला फार वाईट वाटते.

येत्या जानेवारीत शेजारच्या कपाशीच्या तुकड्यासह एकूण चौदा रात्री ठरवल्या आहेत. ज्यांना हवा असेल त्यांनी दिवाळीच्या आतच बोलणी करावी, कारण पौषात वाडा मोकळा सापडत नाही. पाण्याचा हौद आदल्या दिवशी भरून ठेवावा आणि वखराचा माणूस मेंढ्यांच्या आधी पक्का करावा. मी या वेळी मोकळ्या पश्चिम पट्टीत दोन रात्री जास्त घेणार आहे आणि बांधालगतच्या पट्टीत फक्त एक, तीही वारा पडलेला असेल तेव्हा.